जुन्या पत्त्यावर आलेली माणसे

“काकू, जुन्या पत्त्यावर अजून माणसं येतायत,” फोनवर शमिका म्हणाली. “आणि दार बंद बघून परत जातायत.”

सुचेताबाईंनी चष्मा सारखा केला. पुण्याच्या एका बालमासिकाची वेबसाइट नव्या प्रणालीवर हलवण्याचे काम त्यांच्याकडे होते. मासिकाच्या संपादनात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. यंत्राची बाजू तेवढी पुण्यातली शमिका पाही. भोपाळात, शाहपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या बसून त्यांनी एकेक गोष्ट, एकेक कविता नव्या जागी लावली होती. चित्रे जागच्या जागी, शुद्धलेखन चोख. नवे घर कसे लखलखीत दिसत होते. फक्त तिथे कुणी फिरकत नव्हते.

“ज्यांना हवं असेल ते शोधत येतील,” त्या म्हणाल्या. “आपण का दवंडी पिटायची?”

“कुठे शोधणार, काकू? जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे वाट काढून द्यावी लागते. ती आपण दिलीच नाही. लोकांना वाटतं, मासिक बंद पडलं.” शमिका जराशी हसली. “त्यांचं काय चुकलं? घर आपण बदललंय.”

फोन ठेवून सुचेताबाई कामाला लागल्या. जुना पत्ता, त्यासमोर नवा पत्ता. पुन्हा जुना, पुन्हा नवा. मध्येच त्यांचा हात थांबला.

भोपाळातच, टी. टी. नगरच्या जुन्या घरी चैत्रातल्या शेवटच्या शुक्रवारी त्यांच्याकडे हळदीकुंकू असे. आमंत्रण कधी कुणाला गेले नाही. सासूबाईंचा दंडकच होता: दिवस ठरलेला, घर ठरलेले, बोलावणे कशाला? आणि बायका येत. आंबेडाळ संपे, पन्हे संपे, गप्पा मात्र संपत नसत. मग यजमान, नरहरराव, गेले. ते भाड्याचे घर खायला उठू लागले, तेव्हा मुलाने, निनादने, शाहपुऱ्याचा फ्लॅट घेऊन दिला. सुचेताबाई कुणालाही न सांगता हलल्या. घरचा फोन तिथेच बंद झाला. मोबाइलचा नंबर निनाद आणि मासिक यांच्याखेरीज कुणाकडे नव्हता. विचारील त्याला पत्ता सांगू. आपण होऊन सांगत सुटणे त्यांच्या रक्तात नव्हते.

गेल्या चैत्रात त्यांनी नव्या घरी गौर मांडली. डाळ वाटली. दार सताड उघडे ठेवले. लिफ्ट वर जाई, खाली येई. त्यांच्या मजल्यावर थांबत नसे. दिवेलागणीला त्यांनी दार लावले आणि मनाशी निवाडा दिला: कुंकू पुसलेल्या बाईच्या घरी हळदीकुंकवाला कोण येणार? ती डाळ मग त्यांनी एकटीनेच संपवली. यंदा त्यांनी गौर मांडलीच नव्हती.

आज तोच शुक्रवार होता.

घर आपण बदललंय. पोरीचे ते शब्द कुसळासारखे रुतून बसले. सुचेताबाईंनी संगणक मिटला, ठेवणीतली इरकल नेसली आणि रिक्षा केली. वाटेत त्यांनी स्वतःला बजावले: फाटकापासून बघायचे आणि परतायचे. तिथे कुणी नसले, तर निवाडा कायम. पुन्हा हा विषय नाही.

फाटकाला नवा रंग होता. त्यांच्या हातची जाई मात्र तशीच वर चढली होती. आणि ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती, इतक्या चपला.

आतून जुन्या मैत्रिणीचा, कल्पनाचा, खणखणीत आवाज आला. “फोडणी बरी आहे गं, पण सुचेताच्या डाळीची सर नाही!”

“ती असती तर तोंडावर म्हणाली असती,” दुसरी कुणी बोलली, “आयतं गिळतेस आणि वर नावं ठेवतेस!”

हशा पिकला.

सुचेताबाईंनी फाटकाचा गज घट्ट धरला. कडी करकरली, तशी पन्ह्याचे पेले घेतलेली एक तरुण बाई ओसरीवर आली. घरातली नवी भाडेकरीण. तिने सुचेताबाईंना कधी पाहिलेले नव्हते. तरी ओळखीचे हसली.

“आइए न, आंटी. आप भी सुचेता आंटी के यहाँ आई हैं न? वो तो अब यहाँ नहीं रहतीं. कहाँ गईं, किसी को पता नहीं. पिछले साल ये सब दरवाज़े से लौट गई थीं, बड़ा बुरा लगा. तो इस बार दाल मैंने ही बना ली.” तिने दार पुरते उघडले. “अंदर बैठिए. सब उन्हीं की राह देख रही हैं.”