लाल गाडीतली टोपली

लाल गाडी पुन्हा रांगेत लागली, आणि कंपाउंडरबाईंनी कुत्र्याच्या मानेऐवजी मालकाच्या कोटात सुई खुपसली.

“अहो बाई!” मालक ओरडला.

“त्याला घट्ट धरा म्हटलं होतं ना?” बाई म्हणाल्या. नजर लाल गाडीवरून हलली नव्हती.

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानासमोर मोकळी जागा होती. तिथे नवरा-बायको सकाळच्या वेळी प्राण्यांना लस टोचत. गाडीतून उतरायचं काम नाही. काच खाली करा, प्राणी धरा, टोचून घ्या, चालू लागा. नवरा डॉक्टर, बायको कंपाउंडर. ती त्यांची बायकोही आहे हे लोकांना फक्त दोघं भांडायला लागली की आठवायचं.

या रांगेत माणसाला स्वतःचं नाव नसे. कोणी टायगरचे पप्पा, कोणी मनीची आई. लाल गाडीवाली मात्र कोणाचीच आई वाटत नव्हती. पहिल्यांदा आली तेव्हा बाईंनी विचारलं होतं, “मांजराचं नाव काय?”

मांडीवरच्या झाकलेल्या टोपलीकडे बघत ती म्हणाली होती, “अं... चिंगी.”

पुढच्या वेळी त्याच टोपलीत पिंकी होती. आतून म्याव कधीच ऐकू आलं नाही. शिवाय ही कधी दोन-तीन दिवसांतच उगवायची, कधी आठवडाभर पत्ता नसायचा. मांजराला लस वर्षातून एकदा पुरते, हे बाईंना कोणी शिकवायला नको होतं. आणि शेजारच्या सीटवर ऐटीत बसलेला तो थर्मास! चहासुद्धा घरून करून आणते मेली.

“ती गाडी मी बघतो,” डॉक्टर म्हणाले. “तू मागची जीप घे. त्यात एक आडदांड आहे.”

“आडदांड आहे तर तुम्ही घ्या ना.”

“मला बघून बिथरतात गं ते. तुझ्या हाताला गुण आहे.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, बाईंच्या हाताचा गुण आजवर आमटीतसुद्धा कोणाला दिसला नव्हता. डॉक्टर केसांवरून हात फिरवत लाल गाडीकडे गेले, दार उघडून चक्क आत बसले, आणि काळी काच वर सरकली.

जीपमधला आडदांड बाईंचा चेहरा बघून सीटखाली शिरला. त्याला तिथेच टोचून त्या बाहेर आल्या.

मनात एकेक गोष्ट जुळत चालली होती. गेल्या महिन्यापासून हा माणूस बाहेर सोफ्यावर झोपतो. विचारलं तर म्हणे पाठ दुखते. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचे शर्ट. परवा सहज दंडाला हात लावला तर विंचू चावल्यासारखा उडाला. बायकोचा स्पर्शही सोसेना! आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे लाडोबा. घरचं कुत्रं. बाईंचा जीव की प्राण, आणि डॉक्टरांच्या डोळ्यांत सलणारा. त्याच लाडोबाची हल्ली रोज सकाळी उठून चौकशी: “पाणी प्यायला का हा? नीट जेवला का?” मनात पाप असल्याशिवाय माणूस एवढा सुधारत नाही.

बर्फाचं भांडं उचलून बाई लाल गाडीच्या मागे गेल्या. काच बोटभर उघडी राहिली होती.

“बायकोला सांगितलंत?” आतून तिचा आवाज.

“छे! घर डोक्यावर घेईल ती.”

“आज ना उद्या कळणारच.”

“आजचं एवढं निभावून न्या. मग मी सुटलो.” मग डॉक्टर कण्हल्यासारखं म्हणाले, “हळू हं... हळू.”

बाईंच्या हातातलं भांडं खाली पडलं. बर्फ चहूकडे उडाला. त्यांनी दार धरून असं ओढलं की सगळी गाडी हलली.

आत डॉक्टर शर्ट एका खांद्यावरून उतरवून बसले होते. डोळे गच्च मिटलेले, दातांत रुमाल. लाल गाडीवालीच्या मांडीवरची टोपली उघडी होती. तिच्यात कापूस आणि चिकटपट्ट्या. थर्मासमधून चहाऐवजी बर्फ डोकावत होता.

“गाडी हलवू नका ताई, सुई आत आहे,” लाल गाडीवाली शांतपणे म्हणाली. “मी नर्स आहे. कुत्रं चावलंय यांना.”

“कुठलं कुत्रं?”

“तुमचं.”

“लाडोबा? काहीतरीच! त्याला लस दिलेली आहे.”

“कोणी दिली?” रुमाल काढून डॉक्टरांनी विचारलं. डोळे अजून मिटलेलेच.

“तुम्ही!”

“मला वाटलं, तू दिलीस.”

मागून टायगरच्या पप्पांनी हॉर्न वाजवला. कोणी लक्ष दिलं नाही.

“तो ठणठणीत आहे,” डॉक्टर म्हणाले. “रोज बघतोय ना मी. पण जिवाशी खेळ कशाला? आणि दवाखान्याच्या रांगेत मला कोणी पाहिलं असतं, तर उद्या आपल्या रांगेत सायकलसुद्धा आली नसती.”

बाई गाडीच्या दारातच मटकन बसल्या. नर्सने सुई काढून वर कापूस दाबला.

“पण तो चावलाच कसा?” बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. “तो तर मुंगीच्या वाटेला जात नाही. तुम्ही काय केलंत त्याला?”

डॉक्टरांनी एक डोळा उघडला.

“माझ्या उशीवरून ढकलला. तुझ्या गळ्यात पाय टाकून झोपला होता.”