पायताशी विटा

सिंधुताई वाकून पलंगाच्या पायताशी विटा सरकवत होत्या. पोलादाच्या भट्टीतून काढलेल्या, जुन्या, पिवळट. भिलाईत सेक्टर दहाच्या क्वार्टरांत अशा विटा घरोघरी. कोणी कूलरखाली ठेवतं, कोणी कुंडीखाली. सिंधुताईंनी त्या सुनेच्या पलंगाला लावल्या. पाय वर, डोकं खाली, म्हणजे पोटातलं निसटत नाही, हे त्यांचं शास्त्र. त्यापुढे डॉक्टरीण काय चीज!

डॉक्टरीण म्हणाली होती, बसून काम आहे ना, मग खुशाल कर. पण सिंधुताईंच्या मुलानं, प्रफुलनं, बायकोच्या रजेचा अर्ज भरूनच ठेवला होता. फक्त सही बाकी होती. सून संघमित्रा हातात हेल्मेट घेऊन दारात उभी राहिली. नववा आठवडा चालू होता.

प्लांटमध्ये तिची काचेची केबिन होती. खालून लालभडक रूळ सरकत यायचे, लांबच लांब, आणि ती बटणं दाबून त्यांना पुढे धाडायची. त्या उजेडात भीती कुठल्या कुठे जायची. मनातलं एक लेकरू शेजारी येऊन उभं राहायचं, काचेला नाक लावून. हा कुठं चालला, विचारायचं. हा नागपूरला, ती मनात सांगायची, अन् हा पार समुद्रापर्यंत. पलंगावर ते लेकरू कधीच आलं नाही. तिथं नुसता पंखा, आणि पोटाकडे लागलेले स्वतःचेच कान.

"सही कर, मित्रा," सिंधुताई म्हणाल्या. "सुया टोचून टोचून अंगाची चाळणी झाली तुह्या. अन् तू ड्युटीवर जाऊन राहिली? पोट राखाचं असंल तं पडून राहा लागते."

"दोन्ही डाव पडूनच होती मी, आई," संघमित्रा हळूच म्हणाली. "याच विटांवर."

सिंधुताईंचा हात थांबला. दोन्ही वेळा जेवणाचं ताट त्यांनीच उशाशी आणलं होतं. चादरही त्यांनीच बदलली होती, रडत रडत. त्या तिथंच फरशीवर बसल्या.

"मंग माह्याच्यानं गेले का वं ते?"

संघमित्रानं हेल्मेट खाली ठेवलं. ती जवळ जाऊन बसली. त्यांचा विटांच्या धुळीनं माखलेला हात तिनं हातात घेतला.

"नाही, आई. तुमच्यानं नाही गेले. माह्याच्यानंही नाही."

बोलून झाल्यावर तिला कळलं, शेवटचं वाक्य तिनं आजवर कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.