आलोच, एवढी चिठ्ठी!

कोशकारांचा नेम होता, हाती घेतलेल्या शब्दाचा अर्थ चिठ्ठीवर उतरल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. त्या सकाळी इंग्रजीतल्या घाईच्या शब्दांची पाळी होती. ‘रश’ला लगबग मिळाली, ‘डॅश’ला धूम, ‘स्करी’पाशी तुरुतुरु जाऊन बसलं. ‘स्कॅम्पर’ मात्र चिमणीसारखा भुर्रकन उडून जाई, हाती लागेना.

“अहो, लेकीच्या कळा थांबेनात! गाडी काढा!” बायको दारातून ओरडली.

“आलोच, एवढी चिठ्ठी!”

“तुमच्या कोशात ‘आत्ता’ हा शब्द आहे की नाही?”

“आहे की. त्याची चिठ्ठी केव्हाच झाली.”

“बाबा, तुमच्या चिठ्ठीला आग लागो!” लेक जिन्यातून कळवळली. आई तिला कमरेत धरून एकेक पायरी उतरवू लागली.

वीस मिनिटांनी ‘दुडूदुडू’ सापडलं. कोशकारांनी ते सुबक अक्षरात लिहिलं, शाई वाळू दिली, किल्ल्या उचलल्या आणि अनवाणीच धावत सुटले.



नात काही आजोबांवर गेली नव्हती. ती जिन्यातच जन्मली.