पुढच्या चाकांवरचं वजन

मर्ल न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन आपल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानाबाहेर आला, तेव्हा आर्विडला हसू आलं. पुस्तिकेत छापलंय की, कॅम्परच्या टोकाचा भार तीनशे ऐंशी पौंड, तो म्हणाला. मर्ल म्हणाला, तो कारखान्यातून निघताना. त्यानंतर तुम्ही त्यात संसार भरलात.

साऊथ डकोटाच्या या भागात सप्टेंबर लागला, कापणीला जोर आला, की आर्विड आणि लॉर्ना टॉलेफसन आपला सोळा फुटी कॅम्पर, चाकांवरचं छोटं घर, पिकअपला जोडून डोंगराकडे निघत. गेल्या वर्षी ओझ्यानं पिकअपची शेपटी खाली बसली, पुढची चाकं हलकी झाली, आणि शेजारून ट्रक गेला की सगळं लटपटायला लागलं. आर्विडच्या मनगटांनी कसंबसं निभावून नेलं. यंदा ती मनगटं थरथरत होती. ओझं पुढच्या चाकांवरही वाटून देणारा हिच, म्हणजे गाडी आणि कॅम्पर जोडणारा सांधा, बसवायचा, असं म्हणून दोघं मर्लकडे आली होती खरी, पण खरा प्रश्न हिचचा नव्हता. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं आणि त्यावर घरात चकार शब्द निघाला नव्हता. मी चालवू का, एवढंच लॉर्नाला विचारायचं होतं. पंचेचाळीस वर्षं ज्यानं चावी स्वतःच्या खिशात ठेवली, त्याला हे विचारायला तिची जीभ रेटत नव्हती. आणि विचारलं नाही, तर डोंगर संपले.

मर्लनं फळीचं एक टोक विटेवर ठेवलं, दुसरं काट्यावर, आणि कॅम्परचं टोक अलगद मधोमध टेकवलं. काटा दोनशे ऐंशीवर थांबला.

"अर्धा भार विटेवर आहे, दुप्पट करा. पाचशे साठ," मर्ल म्हणाला. "पुढच्या पेटीत काय आहे? शिसं?"

पेटीत आर्विडची हत्यारं होती. चाळीस वर्षं त्यानं लोकांची कापणीयंत्रं दुरुस्त केली होती. डोंगरात तळावर पोचला, की कुणाची पायरी, कुणाचा पंप, कुणाचं दार घेऊन माणसं त्याच्याकडे येत, आणि तेवढ्यानं त्याची सुट्टी सार्थकी लागे. या उन्हाळ्यात त्याला बोल्टवर नट चढवता आला नव्हता. लॉर्नानं ते खिडकीतून पाहिलं होतं आणि पडदा ओढून घेतला होता.

मर्लनं दोन हिच काढून ठेवले. एकाचे पोलादी दांडे हलके, साडेचारशे पौंडांपर्यंत चालणारे, कुणीही चढवावेत. दुसऱ्याचे सहाशेचे, जाड. ते साखळीनं ताणून अडकवायला पहार लागते आणि अंगात रग लागते. पेटी उतरवली तर हलका पुरेल, तो म्हणाला. मग त्यानं जे घरात कुणी विचारत नव्हतं तेच विचारलं, सरळ, काही मनात न ठेवता: जोडणार कोण?

आर्विड पेटीकडे वळला. मग त्यानं झाकणावर हात ठेवला आणि कडी काढायला गेला. बोटं कडीवरून दोनदा घसरली. लॉर्नाला ते बघवेना.

"ती राहू दे," ती म्हणाली. "मर्ल, जाड दांडे लाव. मी बघते."

"मिसेस टॉलेफसन, ते काय शाळेचं पातेलं आहे?" तिनं शाळेत रांधलेलं लहानपणी खाल्लेला मर्ल म्हणाला.

"तुझ्या वर्गाचं पातेलं याहून जड होतं. तू एकटाच तीनदा वाढून घ्यायचास."

मर्ल वरमला. मग त्यानं आणि लॉर्नानं मिळून हिच बसवला. आधी जॅकनं टोक उचलून घ्या, मग निम्माच जोर लागतो, हे मर्लनं तिला दाखवलं आणि बाजूला झाला. लॉर्नानं पहार लावली. पहिल्यांदा साखळी निसटली. दुसऱ्यांदा तिनं पाय रोवले, सगळं अंग पहारीवर टाकलं आणि कडी खटकन बसली. दुसऱ्या बाजूची साखळी एकाच झटक्यात चढली. मर्लनं जॅक खाली घेतला, तसं पिकअपचं नाक हळूहळू खाली आलं आणि गाडी सपाट उभी राहिली.

धाप लागलेली लॉर्ना हात पुसत उभी होती. आर्विडनं वाकून दोन्ही कड्या तपासल्या. एक हलवून पाहिली. त्याला काढण्यासारखी खोट सापडली नाही.

मग तो गाडीला वळसा घालून गेला. ड्रायव्हरच्या दारापाशी थांबला. खिशातून चावी काढली, ती धरलेला हात थरथरत होता आणि या वेळी त्यानं तो लपवला नाही. चावी सीटवर ठेवून तो पलीकडच्या बाजूनं चढला आणि पट्टा लावायला धडपडू लागला.

"आरसे तुझ्या उंचीला लावून घे," समोर बघतच तो म्हणाला. "मी उंच आहे."