उल्कावीर, अंक पहिला

हरीओमनं कॉमिक्सची पिशवी खाटेखाली सरकवली आणि पहिला अंक बहिणीच्या उशाशी ठेवला. ज्योत्स्नानं त्याला हात लावला नाही. खाटेच्या पायथ्याला विटा लावल्या होत्या. गेले बावीस दिवस ती तशीच, डोकं उतरतीला करून पडून होती. सातवा महिना कालच लागला होता. आधीच्या दोन्ही खेपा पाचव्याच्या पुढं गेल्या नव्हत्या.

"एकशे बत्तीस आहेत, ताई," हरीओम म्हणाला. "शाळेपासून जमवले. रोज दोन वाचले तरी नववा भरेस्तोवर सारे सरते. डॉक्टरनं उठू नको म्हटलं, वाचू नको थोडीच म्हटलं."

अंकावर निळ्या अंगाचा एक माणूस ढग फाडून येत होता. वर हिंदीत मोठ्या अक्षरात नाव होतं, उल्कावीर.

ज्योत्स्ना मनात हिशेब करत होती. तिसावा अंक म्हणजे पंधरा दिवस. साठावा म्हणजे महिना. आणि कुठल्या तरी आकड्यावर. तिनं तिथंच तोडलं. मागच्या खेपेला तिनं उशीचा अभ्रा भरायला घेतला होता. बाळाचं काही नको म्हणून नुसता मोर काढला होता. पिसाऱ्याचे तीन डोळे भरायचे राहिले. सुई अजून त्या कापडातच आहे, आणि ते कापड ज्या फळीवर आहे तिला घरात कोणी हात लावत नाही.

"नको," ती म्हणाली. "घेऊन जाय."

"काहून? लय मजा येते. सत्तावन्नव्यात तं तो मरते."

ज्योत्स्नाचा हात पोटावर गेला.

"मंग परत येते," हरीओम घाईनं म्हणाला. "एकसष्टाव्यात. खरंच येते, ताई."

"हरीओम, तुया तोंडाले कुलूप नाई काय?"

दारात तिची सासू उभी होती, रुख्मिणीबाई, हातात डाळ पाखडायचं सूप घेऊन. केनवड गावात कोणाकडं पोथी लावायची असली की बायका त्यांनाच बोलवत. गळा गोड होता, आणि एकदा पाटावर बसल्या की अध्याय संपल्याशिवाय उठत नसत.

"किती अध्याय म्हणाला?"

"अध्याय नाई मावशी, अंक. एकशे बत्तीस. अन् पुढचे निघूनच राह्यले."

"म्हणजे समाप्तीच नाई?"

"नाई."

रुख्मिणीबाईंनी सूप खाली टेकवलं. "म्हणून नको म्हणून राह्यली पोरगी. लावलेली पोथी मधात टाकता येत नाई."

"मावशी, हे चित्राचं पुस्तक आहे. पोथी नाई."

"माणूस मरते अन् परत येते म्हणतं. मंग पोथी नाई तं काय आहे?"

हरीओम हसला. त्या दोघी हसल्या नाहीत. चहा पिऊन त्यानं मोटरसायकलला किक मारली आणि आपल्या गावाची, इंझोरीची वाट धरली. पिशवी खाटेखालीच राहिली.

घर निवांत झालं. ज्योत्स्नाचा नवरा शिवम वावरात हळद शिजवायला गेला होता. त्या धुराचा ओला, मातकट वास खिडकीपर्यंत येत होता. पोटात हललं की ज्योत्स्ना घाबरायची. नाही हललं की जास्त घाबरायची. उशाशी तो निळा माणूस ढगातच अडकून होता. पाहू नये म्हटलं तरी तिची नजर तिकडं जात होती.

"आई," ती शेवटी म्हणाली. "वाचावंसं तं वाटते. पण म्या सुरू केलं अन् मधातच..."

"पुढं बोलू नको."

रुख्मिणीबाई उठल्या. न्हाणीत जाऊन हातपाय धुऊन आल्या. खाटेजवळ पाट मांडला, पदर डोक्यावरून घेतला आणि उगवतीकडं तोंड करून बसल्या. उशाशी ठेवलेला अंक उचलून मांडीवर उघडला.

"तुमी कायले, आई?"

"उठू नये, अर्धं टाकू नये, हा सारा नेम वाचणारीले असते. आयकणारीले काई नाई. तुले डोळा लागला तं खुशाल झोप." चष्मा नाकावर नीट बसवून त्या खाली पाहतच म्हणाल्या, "काई चुकलं तं माह्यावर."

ज्योत्स्नानं तोंड त्यांच्याकडं वळवलं.

रुख्मिणीबाईंनी ओळीवर बोट ठेवलं आणि तो हिंदी मजकूर पोथीच्या चालीत वाचायला घेतला. गावाबाहेर विजेचा उंच खांब. त्यावर लाइनमन चढलेला. आभाळातून एक जळता दगड आला. 'धडाम' हा शब्दसुद्धा त्यांनी आळवून म्हटला. माणसाचा हात तारेवरून सुटला.

गल्लीत गलका झाला. हंडे आपटले, बायका पळाल्या. आज आठव्या दिवशी नळ आला होता.

"रुख्मिणीबाई, चाला लवकर," शेजारची कमलीबाई ओट्यावरून ओरडली. "अर्ध्या घंट्यात जाते पाणी."

घरात दोन हंडे होते, तेही रिकामे. न्हाणीतल्या ड्रममध्ये तळाला वीतभर उरलं होतं.

"आई, पाणी," ज्योत्स्ना कुजबुजली.

रुख्मिणीबाईंनी मान वर केली नाही. फक्त आवाज थोडा चढवला, बाहेरच्या हंड्यांच्या वर. लाइनमन अजून खाली येतच होता. त्यांनी पान उलटलं. तिथंही नुसतं आभाळ होतं. जमीन कुठं दिसत नव्हती.