लेकीची वेळ

मुलामुलींच्या जलतरण क्लबच्या सुवर्णमहोत्सवी शर्यतीत लेकीची वेळ आईच मोजत होती. स्टॉपवॉच पालकांच्याच हाती द्यायचे, ही क्लबची पहिल्या वर्षापासूनची पद्धत. मोडायचा होता तो विक्रमही आईचाच, पंचवीस वर्षांपूर्वीचा. आणि वयोमर्यादेमुळे लेकीची ही अखेरची संधी होती. तिची बोटे भिंतीपासून वीतभर दूर असतानाच आईने अंगठ्याने बटण दाबले, आणि विक्रम मोडल्याचे जाहीर झाले.

टाळ्या थांबेनात. आई मात्र ओशाळून आपल्या वडिलांशेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं की. वीतभरच तर होतं."

 

मग बाबा तिच्या कानाशी झुकले. "तुझ्या वेळी मी चांगलं हातभर आधी दाबलं होतं."