उजव्या डोळ्याचं कारण

आदल्या संध्याकाळी आई डाव्या डोळ्याजवळ सुई धरून दोरा ओवत होती. मावशी हसली, "उजवा काय शोभेला ठेवलायस?"

"शोभेलाच. मोतीबिंदू काढताना माझी लेकच नर्स म्हणून उभी होती. सगळं नीट झालं होतं गं. घरी येऊन मीच मेलीनं झोपेत डोळा चोळला."

सहा वर्षं ती सगळ्यांना हेच सांगत होती आणि मी ऐकून घेत होते.

सकाळी ती उठलीच नाही.

नेत्रदानासाठी नेत्रपेढीतून आलेल्या माणसानं बॅटरीच्या उजेडात तिचे डोळे पाहिले. "डावा घेतो. उजव्याचा बुबुळावरचा पारदर्शक पडदा पांढरा पडलाय, त्याच्या आतल्या थरातल्या पेशी मेल्या असणार. काय झालं होतं?"

"झोपेत चोळला हिनं," मावशी पदरानं नाक पुसत म्हणाली. "लहानपणापासून वेंधळीच."

तो लिहून घेऊ लागला.

"ते लिहू नका," मी म्हटलं आणि आईच्या उशाशी बसले.

"आई, ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात अँटिबायोटिक सोडतात. ते आधी पातळ करावं लागतं, नाहीतर जंतूंबरोबर त्या पेशीही मरतात, आणि त्या पुन्हा येत नाहीत. पातळ करायचं काम माझं होतं. मी विसरले. डॉक्टरांच्या हातात ते तसंच दिलं."

मावशीचं रडणं थांबलं होतं.

"आणि तू झोपेत डोळा चोळलास, हे तुला मी खोटंच सांगितलं."